पारेषण लाइन विकायला निघाली, तर हरकत नेमकी कशावर घ्यायची?

परळीचं नवं ७६५ केव्ही उपकेंद्र आणि त्याला जोडलेल्या वरोरा–परळी व परळी–सोलापूर लाइनी मे २०२१ मध्ये दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या. पॉवरग्रिड या केंद्र सरकारच्या पारेषण कंपनीने पॉवरग्रिड परळी ट्रान्समिशन लिमिटेड या कंपनीतला ७४ टक्के हिस्सा स्वतःच उभ्या केलेल्या गुंतवणूक न्यासाला दिला. बाजारात याला 'इन्व्हिट' म्हणतात. त्याआधी २०१७ मध्ये धुळे–औरंगाबाद ७६५ केव्ही लाइन ज्या कंपनीकडे होती, ती कंपनी इंडिग्रिड या न्यासाकडे गेली. या दोन्ही लाइनींचा दर बोली लागली तेव्हाच ठरलेला होता. त्यामुळे मालक बदलला म्हणून कुणाचं बिल वाढायचं कारण नव्हतं.

वीस वर्षं जुनी, घसारा (झिजेपोटी दरातून वसूल होणारा मूळ खर्चाचा भाग) बराचसा वसूल झालेली २२० केव्ही लाइन विकायची ठरली, तर गोष्ट वेगळी. तिथे गणित ग्राहकाच्या अंगावर येऊ शकतं. खासगीकरण चांगलं की वाईट हा वाद चहाच्या टपरीवर ठेवा, वीज नियामक आयोगापुढे त्याला किंमत नाही. हरकत ग्राहक पंचायतीची असो, जिनिंगवाल्यांच्या संघटनेची असो की ग्रामपंचायतीची, पाहायचं एकच: घेणाऱ्याने मोजलेली किंमत वीजदरात शिरते का?

लाइन कुणाची आणि आयोग कोणता

निम्म्या हरकती चुकीच्या दारात जाऊन पडतात. राज्यांतर्गत लाइन असेल तर महाराष्ट्र वीज नियामक आयोग, आंतरराज्य असेल तर दिल्लीचा केंद्रीय वीज नियामक आयोग. व्होल्टेजवरून हे ठरत नाही. गिरवली आणि वाळूजची ४०० केव्ही उपकेंद्रं महापारेषण या राज्याच्या पारेषण कंपनीची आहेत, आणि परळीलाच पॉवरग्रिडचंही ४०० केव्ही उपकेंद्र आहे.

टॉवरवरच्या पाट्या वाचा. धोक्याच्या पाटीवर व्होल्टेज असतं, दुसऱ्या पाटीवर टॉवरचा क्रमांक आणि बहुधा लाइनचं नाव, म्हणजे कुठून कुठे ते. भंगारवाल्यांच्या कृपेने पाट्या गेल्या असतील तर सरळ लटकणाऱ्या इन्सुलेटरच्या माळेतल्या चकत्या मोजा: १३२ केव्हीला साधारण ९-१०, २२० ला १३ ते १५, ४०० ला २३ ते २५. चकत्यांऐवजी एकसंध पॉलिमरचा दांडा असेल तर मोजणी चालत नाही. मग एका फेजला किती तारा आहेत ते पाहा. १३२ ला एक, २२० ला बहुतेक वेळा एकच, ४०० ला दोन किंवा चार, ७६५ ला चार किंवा सहा. मोबाइल झूम करून बांधावरून हे सगळं दिसतं, टॉवरवर चढायची गरज नाही.

लाइनचं नाव हाती आलं की त्या दोन टोकांपैकी जवळच्या उपकेंद्रात मालक विचारा. लेखी उत्तर हवं असेल तर महापारेषण आणि पॉवरग्रिड या दोघांनाही माहिती अधिकार लागू आहे. अर्जाला १० रुपये आणि उत्तराला ३० दिवस. ही मुदत ध्यानात ठेवूनच अर्ज करा, कारण हरकतीची मुदत तेवढी नसते. सार्वजनिक नोटीस आल्यावर टाकलेल्या अर्जाचं उत्तर सुनावणी उरकल्यावर हाती पडतं.

सौदा कोणत्या प्रकारचा आहे

वीज कायदा २००३ चं कलम १७ इथला मुख्य आधार. आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय परवानाधारकाला आपला परवाना किंवा आपली यंत्रणा, तिचा एखादा भागसुद्धा, विक्री, भाडेपट्टा, अदलाबदल अशा कोणत्याही मार्गाने दुसऱ्याकडे देता येत नाही. परवानगीशिवाय केलेला करार रद्दबातल ठरतो. २०१८ मध्ये मुंबई उपनगरातला रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वीज व्यवसाय अदानी ट्रान्समिशनकडे गेला, तेव्हाही ते प्रकरण राज्य आयोगाच्या मंजुरीतूनच गेलं. लाइन थेट विकली जात असेल, तर हरकत या कलमाखाली घ्यायची.

दुसरा प्रकार शेअर विकण्याचा, म्हणजे परळीसारखा. परवानाधारक कंपनी कागदावर तीच राहते, फक्त तिचा मालक बदलतो. इथे पारेषण सेवा करारातली भागधारणेची अट आधी वाचा. बोलीने दिलेल्या प्रकल्पांत बोली जिंकणाऱ्याने लाइन सुरू झाल्यापासून दोन वर्षं किमान ५१ टक्के आणि पुढची तीन वर्षं किमान २६ टक्के हिस्सा आपल्याकडे ठेवायचा, अशी अट असे. परळीचा पहिला सौदा नेमका ७४ टक्क्यांचा का होता, ते यातून कळतं. उरलेला हिस्साही मुदत संपल्यावर पुढे न्यासाकडेच गेला. प्रत्येक कराराची अट वेगळी असू शकते, म्हणून दुसऱ्या प्रकल्पाचा आकडा उचलून आपल्या हरकतीत चिकटवू नका.

तिसरा प्रकार नवा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सार्वजनिक कंपन्यांच्या पारेषण मालमत्तेसाठी 'संपादन, परिचालन, देखभाल, हस्तांतरण' या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मालमत्ता एका नव्या कंपनीत टाकायची, ती ठरावीक वर्षांसाठी बोलीने खासगी भागीदाराला द्यायची, त्याने सुरुवातीलाच एकरकमी पैसे भरायचे आणि मुदत संपली की मालमत्ता परत करायची. नाव विक्रीचं नाही, पण ग्राहकाने विचारायचे प्रश्न जवळपास तेच आहेत. एक जास्तीचा: परत मिळेल तेव्हा मालमत्ता कोणत्या स्थितीत असली पाहिजे, हे करारात आकड्यांत लिहिलंय का? 'सुस्थितीत' एवढाच शब्द असेल तर त्यावर हरकत घ्याच.

पैशाचं गणित

लाइनचा दर दोन रीतींनी ठरतो. बोलीने ठरलेला दर आयोग कलम ६३ खाली जसाच्या तसा स्वीकारतो. मालक दहा वेळा बदलला तरी दरपत्रक तेच राहतं, कारण घेणारा जास्त पैसे मोजतो ते स्वतःच्या हिशेबाने. अशा सौद्यात दरवाढीची हरकत घेतली तर आयोग ती दोन ओळींत निकाली काढतो.

कलम ६२ खालच्या लाइनींना मात्र खर्चावर आधारित दर मिळतो. मूळ भांडवली खर्च धरायचा, त्यातलं ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल मानायचं, आणि मग घसारा, व्याज, भांडवलावरचा परतावा व देखभाल दरवर्षी वसूल करायची. महापारेषणच्या बहुतेक जुन्या लाइनी अशाच. समजण्यासाठी एक काल्पनिक लाइन घेऊ. आकडे केंद्रीय आयोगाच्या जुन्या नियमांच्या धर्तीचे धरले आहेत: पहिली १२ वर्षं ५.२८ टक्के घसारा, लाइनचं आयुष्य ३५ वर्षं, परतावा १५.५ टक्के. व्याज ९ टक्के मानू.

मूळ खर्च १०० कोटी. १२ वर्षांत ६३.३६ कोटी घसारा वसूल झाला, आणि तेवढं कर्ज फिटलं. ७० कोटींपैकी ६.६४ कोटी उरले. आता वर्षाला व्याज सुमारे ६० लाख. घसारा एकूण ९० टक्क्यांपर्यंतच घ्यायचा असल्याने उरलेले २६.६४ कोटी पुढच्या २३ वर्षांत पसरतात, म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी १६ लाख. भांडवल ३० कोटी, त्यावर परतावा ४ कोटी ६५ लाख. देखभाल सोडून ग्राहकांवरचा बोजा वर्षाला सुमारे ६ कोटी ४१ लाख.

हीच लाइन ८० कोटींना विकली आणि आयोगाने ८० कोटी हाच नवा भांडवली खर्च धरला, तर? घसारा पुन्हा पहिल्यापासून: ४ कोटी २२ लाख. कर्ज ५६ कोटी, व्याज ५ कोटी ४ लाख. भांडवल २४ कोटी, परतावा ३ कोटी ७२ लाख. बेरीज १२ कोटी ९८ लाख. तार तीच, टॉवर तेच आणि बोजा दुप्पट.

लक्षात घ्या, ८० कोटी हा आकडा मूळ खर्चापेक्षा कमी आहे. 'मूळ किमतीपेक्षा स्वस्तात विकली' अशी ओरड वर्तमानपत्रांत होते, पण ग्राहकाच्या दृष्टीने तुलना मूळ किमतीशी करायचीच नाही. तुलना पुस्तकी किमतीशी, म्हणजे मूळ खर्चातून वसूल झालेला घसारा वजा करून उरते तिच्याशी करायची. इथे ती सुमारे ३६ कोटी ६४ लाख आहे. त्याच्या वर मोजलेला प्रत्येक रुपया कुणाच्या खिशातून जाणार, हे आदेशात स्पष्ट लिहून घ्यायचं.

हा बोजा तुमच्या बिलात कुठे दिसेल? 'वहन आकार' या ओळीत शोधू नका. तो महावितरणच्या स्वतःच्या तारांचा आहे. राज्यातल्या सगळ्या पारेषण परवानाधारकांचा मान्य खर्च एकत्र करून तो वितरण कंपन्यांच्या कमाल मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. महावितरणच्या वाट्याला त्यातला सर्वांत मोठा हिस्सा येतो आणि तो तिच्या एकूण खर्चात मिसळून स्थिर आकार व वीज आकारातून तुमच्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे 'लाइन लातूरची, भुर्दंड लातूरला' असा युक्तिवाद टिकत नाही. वाढ झालीच तर सावंतवाडीचा ग्राहकही ती भरेल. उलट याच मुद्द्यावर इतर जिल्ह्यांतल्या संघटनांना सोबत घेता येतं.

याचिकेतले कागद

याचिका आयोगाच्या संकेतस्थळावर असते. मुख्य याचिका वाचून थांबू नका, खरा माल जोडपत्रांत असतो. मालमत्तेच्या यादीत लाइननिहाय मूळ खर्च, आजवरचा घसारा आणि उरलेलं कर्ज आहे का ते पाहा. नसेल तर तीच तुमची पहिली हरकत. हे आकडे आयोगाच्या शेवटच्या ताळमेळ आदेशाशी, ज्याला सगळे 'ट्रू-अप' म्हणतात त्याच्याशी, पडताळा. ग्राहकांच्या अंशदानातून किंवा सरकारी अनुदानातून झालेलं काम वेगळं दाखवलंय का? एखाद्या उद्योगाने स्वतःच्या पैशाने बांधून दिलेली लाइन विकून नफा कमवायचा, हे चालणार नाही.

मूल्यांकन अहवालात एक वाक्य हुडका: भविष्यातला महसूल कोणत्या दराने धरला आहे. तो आजच्या मान्य दरापेक्षा जास्त असेल, तर घेणाऱ्याने दरवाढ गृहीत धरूनच किंमत काढली आहे. हा कागद हातात असेल तर बाकी युक्तिवादाची फारशी गरज पडत नाही.

उपकेंद्र विकलं जात असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या, आतला बिघाड दाखवणाऱ्या वायूंच्या तपासणीचे निदान तीन वर्षांचे अहवाल मागा आणि सोबत तेल गाळल्याच्या तारखा मागा. तेल गाळून निर्वात केलं की त्यात विरघळलेले वायू निघून जातात, आणि लगेच काढलेला अहवाल स्वच्छ येतो. आतल्या गुंडाळीवरचा कागद मात्र जळलेला असतो तसाच राहतो. विक्रीच्या तोंडावर तेल गाळलं असेल तर तो अहवाल कोरा समजा.

टॉवरच्या तारांमधून जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या भाड्याचाही हिशेब मागा. कलम ४१ प्रमाणे पारेषण मालमत्तेतून होणाऱ्या इतर व्यवसायाच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग पारेषण आकार कमी करण्यासाठी वापरायचा असतो. याचिकेत हे उत्पन्न बरेचदा दिसतच नाही.

जमीन आणि वावरातले टॉवर

६ जून २००५ ला राज्य विद्युत मंडळाचं विभाजन होऊन महापारेषण, महावितरण, महानिर्मिती आणि सूत्रधारी कंपनी झाली. तरी कित्येक उपकेंद्रांच्या सातबाऱ्यावर आजही जुन्या विद्युत मंडळाचंच नाव असू शकतं. गट क्रमांक काढून सातबारा आणि फेरफार पाहा. जमीन गायरानातून किंवा सरकारकडून मिळालेली आणि भोगवटादार वर्ग-२ ची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती तिसऱ्याकडे जात नाही. मूळ मंजुरीच्या आदेशातल्या शर्ती तहसील कार्यालयातून नक्कल काढून घ्या. ग्रामपंचायतीने बोलायचा मुद्दा हा आहे, आणि तो वजनदार आहे.

टॉवरखालच्या शेतकऱ्याला विक्रीमुळे नव्याने मोबदला मिळत नाही. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतले आकडे, म्हणजे टॉवरच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के, हे नव्या लाइनींसाठी. विक्रीच्या निमित्ताने ते जुन्या लाइनीला मागू नका, हरकत हलकी होते. ज्यांचा मोबदल्याचा दावा जिल्हा न्यायालयात चालू आहे त्यांनी मात्र गाफील राहू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२ नियम १० खाली नव्या मालकाला पक्षकार करण्याचा अर्ज द्या आणि आयोगापुढे मागणी करा की प्रलंबित दाव्यांची यादी कराराला जोडावी व पैसे कोण भरणार ते लिहावं. नाहीतर जुना म्हणतो 'लाइन आमची नाही', नवा म्हणतो 'तेव्हा आम्ही नव्हतो'.

हरकत लिहिणं आणि पोचवणं

सार्वजनिक नोटीस वर्तमानपत्रात आणि आयोगाच्या संकेतस्थळावर येते. अंतिम तारीख, पाठवायची पद्धत आणि सुनावणीचा दिवस तिच्यातच असतो. परवान्याच्या अर्जावर कायद्याने ३० दिवस आहेत, बाकी प्रकरणांत नोटिशीतली तारीख पाळायची. हरकतीवर पूर्ण नाव, पत्ता, फोन, ईमेल, ग्राहक क्रमांक, कुणाच्या वतीने लिहिताय ते, आणि प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे की नाही हे लिहा. शेवटची ओळ राहिली की सुनावणीत नाव पुकारलं जात नाही. संघटनेच्या वतीने असेल तर ठरावाची प्रत जोडा.

दोन पानांच्या वर जाऊ नका. प्रत्येक मुद्द्यात याचिकेचा परिच्छेद क्रमांक, आकडा, आणि आयोगाने काय करावं हे हवं. मुख्य मुद्दा असा लिहिता येईल:

'याचिकेतील जोडपत्र अमुकनुसार सदर लाइनीची पुस्तकी किंमत इतकी असून प्रस्तावित विक्री किंमत इतकी आहे. या दोहोंतील फरक भांडवली खर्च, घसारा, व्याज अथवा परतावा यांपैकी कोणत्याही रूपाने पारेषण आकारात धरला जाणार नाही, आणि दरनिश्चितीसाठी हस्तांतरणापूर्वीचा मान्य खर्च व घसाराच पुढे चालू राहील, अशी स्पष्ट अट मंजुरी आदेशात घालावी. विक्रीतून होणाऱ्या नफ्याचा वाटा ग्राहकांना कसा मिळेल हे याचिकाकर्त्याने आकडेवारीसह सांगावे.'

भारनियमन, जळालेल्या डीपी, शेतीपंपाची वाढीव बिलं यातलं काहीही इथे आणू नका. तक्रारी खऱ्या असतात, पण त्या महावितरणच्या. त्या आल्या की याचिकाकर्ता आपल्या उत्तरात 'सदर मुद्दे या प्रकरणाशी संबंधित नाहीत' एवढंच लिहितो, आणि त्याच ओळीत तुमचे चांगले मुद्देही वाहून जातात.

सुनावणी आणि आदेशानंतर

सुनावणी ऑनलाइन असेल तर गावातल्या नेटवर्कवर विसंबू नका, तालुक्याला जाऊन बसा. वेळ पाच-सात मिनिटं मिळेल असं धरून तयारी करा. लिहून दिलेलं वाचून दाखवण्यात ती घालवू नका. याचिकाकर्त्याने तुमच्या हरकतीला दिलेलं उत्तर आधी मिळालेलं असतं, त्यात जे टाळलंय त्यावरच बोट ठेवा. मराठीत बोलायला संकोच नको. आकडे मात्र तोंडपाठ हवेत.

देखभालीची अट हा इथे मांडायचा दुसरा मुद्दा. दरासाठी लाइनीची उपलब्धता ९८ टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि हा आकडा गाठूनही लाइन आतून खंगू शकते. मराठवाड्यात काळ्या मातीत पाया हलतो, टॉवरचे खालचे अँगल चोरीला जातात, उन्हाळ्यात तारा खाली येतात, आणि तारांखाली उसाचं पाचट पेटवलं की धुरामुळे ठिणगी उडून लाइन ट्रिप होते. म्हणून वर्षातून किती वेळा गस्त, चोरीला गेलेले अँगल किती दिवसांत बसवणार आणि आणीबाणीचे तात्पुरते टॉवर कुठे ठेवणार, हे करारात आकड्यांत मागा.

आदेश आला की प्रमाणित प्रत लगेच घ्या आणि ती मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. कलम १११ खाली अपिलीय वीज न्यायाधिकरणात जायला प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस, आणि तिथून कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात कलम १२५ खाली ६० दिवस आहेत. अपिलाचा खर्च एकट्या ग्राहकाला झेपणारा नसतो, म्हणून वकील आणि वर्गणी यांची बोलणी आदेश येण्याआधीच करून ठेवा. अपील केलं नाही तरी नव्या मालकाची पुढची दरयाचिका येईल तेव्हा त्यातला सुरुवातीचा भांडवली खर्च आणि साचलेला घसारा जुन्या मालकाच्या शेवटच्या आदेशाशी ताडून पाहा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आयोगाने घातलेल्या अटीचा परिच्छेद क्रमांक देऊन त्याच याचिकेत हरकत टाका.